तीन किल्ल्या एका कडीत

कुणी पाया पडायला वाकलं की आता मला शिसारी येते. सगळ्यांची नाही हो, एकाचीच. पण तो एक म्हणजे माझ्या दिराचा मुलगा, सख्खा पुतण्या, तेव्हा लग्नात-बारशात भेटतोच. भेटला की पहिलं काम म्हणजे वाकणं. 'काकू, आशीर्वाद द्या.' हाताला कायम पेढ्याचा चिकटा. तो हात माझ्या पायाला लागला की घरी येऊन मी पाय धुते, खोटं कशाला बोलू.

झालं ते असं. माझी सून कॉम्प्युटरवाली. मुलगा नोकरीसाठी परमुलखात, आम्ही दोघी जुळे सोलापूर भागातल्या फ्लॅटमध्ये. मधल्या खोलीत तिचं टेबल, तिथंच तिचं ऑफिस. पुतण्यानं छोटी कंपनी काढली आणि काम हिला दिलं. काम काय, तर पूल बांधायचा. मी म्हटलं, 'अगं, नदी कुठली?' ती हसली. ती मला अत्ती म्हणते, आमच्याकडं सासूला तसंच म्हणतात. म्हणाली, 'अत्ती, नदी न्हाय. ब्लॉकचेन.'

मी चौथीनंतर शाळा बघितली नाही. पुढचं सगळं वाण्याच्या पुड्यांवर आणि जुन्या अंकांवर वाचून शिकले. म्हणून मला समजेल असं सांग म्हटलं की ती सांगते. या जाळ्यात म्हणे हिशेब एकट्याकडं नसतो, हजारो जणांकडं सारखाच असतो, म्हणून एकट्याला खोडता येत नाही. पण अशी जाळी लई, आणि एकातलं नाणं दुसऱ्यात चालत नाही. मग मधी पूल लागतो. देवळाबाहेर आपण चपला ठेवतो, हातात बिल्ला मिळतो, तसं. इकडं तुमचं नाणं कुलपात जातं, तिकडं तेवढ्याच मोलाचा बिल्ला मिळतो, त्यावर तिकडं व्यवहार करा. परत आलात की बिल्ला द्या, आपलं नाणं घ्या. इकडचं कुलूप कुणी फोडलं, की तिकडचे सगळे बिल्ले केरात. म्हणजे सगळी गोम कुलपाची.

त्या कुलपाला तिनं पाच किल्ल्या केल्या. बोटाएवढी यंत्रं, पेनड्राइव्हसारखी, प्रत्येकाचा आपापला गुप्त आकडा. पाचांतल्या चार एकत्र आल्या तरच कुलूप हलणार. आणि पाच किल्ल्या पाच घरांत राहणार, हा तिचा हट्ट.

मला हे पटकन कळलं, कारण आमच्या पेठेतल्या देवळात दानपेटीला तीन कुलपं असायची. एक किल्ली आमच्या ह्यांच्याकडं. दुसरी ज्यांच्याकडं, त्यांच्याशी ह्यांचं भिंतीवरून भांडण, तोंड बघायचे नाहीत एकमेकांचं. तरी पेटी उघडायच्या दिवशी दोघं शेजारी मांडी घालून बसायचे, एकमेकांच्या हाताकडं बघत. किल्ली कुणाला द्यायची, तर ज्याला आपली भीड नाही त्याला. सुनेला हे सांगितलं तर टेबलावर हात मारून म्हणाली, 'हेच मी भावजींना महिनाभर सांगतीय!'

भावजींनी, म्हणजे माझ्या पुतण्यानं, काय केलं? 'विश्वासातली माणसं' शोधली. एक किल्ली स्वतःकडं, एक मेहुण्याकडं, एक त्याला लहानपणी शिकवणाऱ्या निवृत्त प्राध्यापकांकडं, एक सुनेकडं आणि एक माझ्याकडं. मला देताना हळदीकुंकू, खण, नारळ, पेढे. वर पाया पडणं. किल्ली मी डाळीच्या डब्यात ठेवली. आकडा माझ्या डोक्यात.

पूल सुरू व्हायच्या आदल्या दिवशी दुपारी स्वारी आली. भाकरी नुकती तव्यावर टाकली होती. वाकून झालं, पेढे झाले. मग म्हणतो, 'काकू, ती किल्ली द्या की. तुम्हाला ह्या वयात कशाला त्रास? आणि तो आकडा पण सांगून ठेवा.'

मी म्हटलं, 'डाळीत पडलीय, डाळ काय तक्रार करत न्हाय.'

'तसं नाही काकू. तुम्ही कधी गावाला गेलात, आजारी पडलात, तर काम अडायला नको.'

'आजारी पडले तर सून हाय की.'

हसला. असं हसतो ना, तोंड हसतं आणि डोळे कुठल्या डब्यात किल्ली असेल ते शोधतात. मग आवाज बारीक केला. 'काकू, माझ्यावर विश्वास नाही का तुमचा?'

बघा, हे वाक्य! आमच्याकडं हे वाक्य टाकलं की समोरचा मेला. नाही म्हणावं तर आपण त्याला चोर म्हटल्यासारखं. पण म्हटलं, 'विश्वास हाय म्हणून तूच दिलीस ना माझ्याकडं? मग ऱ्हाऊ दे की.'

एवढ्यात सून मधल्या खोलीतून बाहेर आली. 'भावजी, तुमच्याकडं सध्या किती किल्ल्या आहेत?'

'आपल्याच आहेत की सगळ्या, वहिनी.'

'किती?'

त्यानं खिशात हात घातला. स्कूटरच्या किल्लीची कडी, त्यात पितळी नंदी, आणि त्यालाच लटकलेली ती यंत्रं. एक नाही, तीन. त्यातल्या एकावर चिठ्ठी गुंडाळून चिकटपट्टी मारलेली. सुनेनं ती उलटी करून बघितली. आकडा! चिठ्ठीवर ठसठशीत अक्षरात गुप्त आकडा लिहिलेला. पट्टीला खिशातला कचरा, पेढ्याचा चुरा चिकटलेला. इकडं तव्यावर भाकरी करपली.

सुनेनं तिथंच प्राध्यापकांना फोन लावला, आवाज मोठा करून. 'सर, तुमची किल्ली कुठंय?'

'अगं, त्याच्याकडंच दिली. मागितल्यावर नाही कसं म्हणायचं? घरचाच मुलगा आहे. मी आकडासुद्धा लिहून दिला त्याला, विसरायला नको म्हणून.' आणि स्वतःच्या हुशारीवर हसले.

तीन त्याच्या खिशात: त्याची, मेहुण्याची, सरांची. मेहुण्याचा आकडाही त्याला ठाऊक असणारच. चौथी माझ्या डाळीत. ती मिळाली असती तर लोक त्या कुलपात ठेवणार होते ते सगळं हा एकटा, कुणालाही न विचारता, बसल्या जागी हलवू शकला असता. हलवलं असतंच असं मी म्हणत नाही. पण मग सुनेनं दिवसरात्र बसून एवढं बांधलं कशाला? एका माणसाच्या पँटीच्या खिशाला कुलूप लावायला?

ती म्हणाली, 'किल्ल्या ज्याच्या त्याच्या घरी गेल्याशिवाय मी उद्या माझी लावणार न्हाय.' पूल सुरू करायलाही चारच लागणार होत्या.

'वहिनी, मुहूर्त काढलाय!'

'मग आजच वाटून या.'

तो उठला. आणि एवढं होऊन जाताना पुन्हा पाया पडला हो! मग संध्याकाळपर्यंत नातेवाइकांचे फोन. जाऊबाई म्हणाल्या, 'घरच्या पोरावर संशय? तुमच्या सुनेनं डोकं फिरवलंय तुमचं.'

दुसऱ्या दिवशी त्याच्या ऑफिसात मुहूर्त. झेंडूची माळ, नारळ, वाफाळतं उप्पीट. ज्यांनी आपली नाणी त्या पुलावर ठेवायची ठरवली होती ती माणसं जमलेली. बरीच आमच्या ओळखीची, शिकलेली, बँकांतून निवृत्त झालेली. किल्ल्या त्यानं वाटल्याच नव्हत्या, नंदीच्या कडीतच होत्या. सून उभी राहिली आणि सरळ सांगितलं, 'पाचांतल्या तीन किल्ल्या एकाच माणसाकडं आहेत. हे कुलूप तुमच्यासाठी सुरक्षित न्हाय.'

मला वाटलं, आता गलका होईल. कसला गलका! चमचे वाजत राहिले. एक गृहस्थ घास गिळून म्हणाले, 'अहो, तो कुठं पळून जाणार? घर हितंच हाय त्याचं.' दुसऱ्या बाई म्हणाल्या, 'सोन्यासारखा मुलगा. भेटला की वाकतो.'

पुतण्यानं मोठेपणा दाखवला. कडीतून यंत्रं सोडवली, मेहुण्याची मेहुण्याला, सरांची सरांच्या हातात दिली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला क्षणभर बरं वाटलं. तर सरांनी ती चिकट चिठ्ठीवाली किल्ली बोटांत उलटसुलट केली आणि त्याच्या शर्टाच्या खिशात परत टाकली. 'राहू दे रे तुझ्याकडंच. माझ्याकडनं हरवायची.'

परत टाळ्या.

त्या टाळ्यांची मला जेवढी किळस आली तेवढी त्या पोराचीसुद्धा आली नव्हती. तो मागत होता, मागणारा मागतो. हे तर ज्यांचं राखायचं तेच, उप्पिटाची बोटं चाटत, स्वतःचं कुलूप त्याच्या खिशात टाकत होते, आणि वर कौतुक करत होते. सुनेनं लॅपटॉप मिटला. मी पदर खोचला. दोघी जिना उतरलो. मागनं कुणीतरी म्हणालं, 'बायकांना घाई फार.'

तो पूल सुरू झाला नाही. आमच्या दोन किल्ल्या बाहेर, त्याला चार जुळेनात. मग त्यानं बाहेरगावचा माणूस गाठून दुसरा बांधून घेतला. त्या पुलाच्या पाचही किल्ल्या पुतण्याच्याच घरात, असं लोकच मला सांगतात, कौतुकानं. त्या पुलाशी आपला संबंध नाही, असं सुनेनं त्याला लेखी कळवलं, आणि आता ती दुसऱ्यांचं काम करते. कमी मिळतं, पण किल्ल्यांवरून आता कुणी तिला फोन करत नाही.

आणि खरं सांगायचं तर अजून काही चोरीला गेलेलं नाही. परवाच एका डोहाळजेवणात त्याच 'सोन्यासारखा मुलगा' म्हणणाऱ्या बाई मला गाठून म्हणाल्या, 'बघा, काही झालं नाही की! उगाच तुमच्या सुनेनं घालवलं चांगलं काम.'

मी म्हटलं, 'तुमच्या कुलपाची किल्ली कुणाकडं हाय?'

'त्याच्याकडंच की.'

'मागून बघा एकदा.'

बाईंनी कानाच्या पाळ्यांना हात लावला. 'अय्यो, असं कसं मागायचं हो? त्याला काय वाटेल?'