जपानच्या डोंगराला घातलेलं मालवणी गाऱ्हाणं

ईदच्या सुट्टीत कुवेतमधले लोक जॉर्जियाला जातात, आम्ही जपानला गेलो. हट्ट माझ्या लेकीचा, सईचा. ती सोळा वर्षांची, मराठीत विचारलं की इंग्रजीत उत्तर देणारी. मी जाब्रियातल्या एका क्लिनिकच्या लॅबमध्ये. नवरा सतीश मीना अल-अहमदीच्या रिफायनरीत इंजिनिअर. मी पुण्याची, तो पक्का मालवणी.

बॅगा भरत असतानाच गावाहून त्याच्या दादांचा फोन आला. ग्रामदेवतेच्या देवळाला मोठा सभामंडप बांधायचा, त्यासाठी देवराई तोडायची. आमचं घर मानकऱ्यांचं, त्यामुळे दोघा भावांचा होकार हवाच.

"होय सांगान टाकतंय. देवाचाच काम मा ता?" सतीश म्हणाला.

लग्नानंतर त्या रानटी गावात मी रमले ती केवळ त्या राईमुळे! "आल्यावर सांगा, आत्ता काही बोलू नका," एवढंच कसंबसं म्हटलं.

थेट विमान नाही. दुबईमार्गे ओसाका, तिथून लोकल गाड्यांनी नारा. व्हिसासाठी बताक्याची, म्हणजे सिव्हिल आयडीची कॉपी आणि बँकेचं स्टेटमेंट आधीच काढून ठेवा. रेल्वेचं कार्ड स्टेशनवरच घ्या, ते दुकानांतही चालतं. शाकाहाऱ्यांनो, जपून! साध्या रश्श्यातही मासळीचं पाणी असतं. आमचे हे मात्र भलतेच खूश.

नाराच्या पुढे एका डोंगराच्या पायथ्याशी शिंतो धर्माचं जुनं देऊळ आहे. खरं तर तेच बघायला गेलो होतो. लाकडी कमान दिसताच सतीशने बूट काढून हातात घेतले आणि खडीवरून तुरुतुरु चालायला लागला.

"बाबा, शूज! नोबडी डझ दॅट!" सई लाजून चूर.

हात धुवायचे, चूळ भरायची, दोनदा वाकायचं, दोनदा टाळ्या वाजवायच्या, पुन्हा एकदा वाकायचं. सगळं यथासांग झालं. मग सतीश मान वाकडी करून आत डोकावू लागला.

"अगो, देव खंय?"

सईने फोनवर वाचलं, "बाबा, द माउंटन इज द गॉड." गाभारा नाही, मूर्ती नाही. सगळे डोंगराला नमस्कार करत होते!

पुढे एक जुनाट, प्रचंड देवदार. त्याच्या पोटात म्हणे साप राहतो. बुंध्याशी कच्ची अंडी आणि साकेच्या बाटल्या. सतीश बघतच राहिला. आमच्या राईतल्या राखणदार देवालाही दारूची बाटलीच लागते!

बूट खाली ठेवून त्याने हात जोडले आणि चक्क खड्या आवाजात सुरू केलं, "बा देवा म्हाराजा! राईतल्या, व्हाळावरल्या, डोंगरावरल्या राखणदारा..."

बाजूचे जपानी आजोबा चमकले, पण हलले नाहीत. मी पुटपुटले, "व्हय म्हाराजा." आणि सईसुद्धा! गावच्या जत्रेत गाऱ्हाण्याच्या प्रत्येक ओळीला सगळे अशीच साथ देतात, ते तिला आठवत होतं.

सतीश मात्र मध्येच थांबला. डोळे भरून आले होते त्याचे.

"पयला नाव रायचा," तो म्हणाला. "झाडा तोडल्यावर गाऱ्हाणा कोणाक घालूचा?"

आजोबांनी अंड्यांशेजारी नैवेद्यासारख्या ठेवलेल्या त्याच्या बुटांकडे बोट दाखवलं आणि आम्ही सगळेच हसत सुटलो. स्टेशनजवळ थंडगार सोमेन शेवया खाल्ल्या. अगदी आपल्या शिरवाळ्यांसारख्या, फक्त नारळाचा रस तेवढा नाही.

कुवेतला उतरलो तर धुळीने आभाळ पिवळंधमक. घरी आल्याआल्या सतीशने फोन स्पीकरवर टाकला.

"दादा, माझो होकार नाय. राय तोडूची नाय. मंडप भायर बांधा."

दादा कडाडले, "देवाच्या कामात आडवो येतस?"

"देव खंय रवता, ता आधी सांग. गाऱ्हाण्यात पयला नाव कोणाचा घेतस?"

दादा अजून गाऱ्हाणं घालतात, दरवर्षी, त्याच राईत उभं राहून. तेवढ्यात खोलीतून सई ओरडली, "व्हय म्हाराजा!"

आणि फोनमधून, जन्माच्या सवयीने, दादांचा आवाज आला, "व्हय म्हाराजा."