पाणी प्यायचं कसं?

लोणंदजवळच्या एका कारखान्यात वैजयंता जगदाळे पॅकिंगचं काम करायची. नवरा फौजेत, त्यामुळं घर, म्हशी आणि सासरे एकटीनं सांभाळून ती पाळीवर यायची. आजवर तिनं तिथं कुणापुढं आवाज चढवला नव्हता.

महिला दिनाला कारखान्यानं पुण्याहून एक मॅडम बोलावल्या. बायकांचं आरोग्य आणि नेतृत्व यावर त्या बोलणार होत्या. मॅडम गोड हसून म्हणाल्या, "दिवसभर भरपूर पाणी प्या. मन शांत ठेवा."

वैजयंताचं डोकंच फिरलं. दुरुस्तीच्या नावाखाली बायकांचा संडास दिवाळीपासून कुलूपबंद होता. बायका घोटभर पाणीसुद्धा टाळायच्या. तिच्या शेजारी काम करणाऱ्या अश्लेषाला त्यापायीच दवाखान्यात ठेवावं लागलं होतं.

ती ताडकन उठली. "आवं मॅडम, पानी प्यायचं कसं? आमाला जायला जागाच न्हाई!"

मॅनेजर घाईनं म्हणाले, "बाई, हा विषय आत्ता नको."

"मग कवा? समद्या आजारी पडल्यावर?"

ती तरातरा साहेबांच्या मजल्यावर निघाली. "या गं," एवढंच म्हणाली, आणि सगळ्या जणी मागोमाग आल्या. साहेबांच्या संडासाच्या दारात त्या ठाण मांडून बसल्या. दुपारी साहेबांनी तो बायकांना मोकळा करून दिला.

निघताना मॅडम कौतुकानं म्हणाल्या, "तुमच्यात नेतृत्वगुण आहेत."

वैजयंताचा राग अजून उतरला नव्हता. "असतील," ती म्हणाली. "पन ते संडासासाठी वापरावे लागत्यात, ह्याची लाज कुनाला तरी वाटाया पायजे."