दादाची बग्गी आज धावली नाही

आज सकाळी दादाची बग्गी घेऊन तळेऱ्याला शर्यतीला गेले होते. तळहातावर मावणारी, रिमोटवर चालणारी. तिची पांगाऱ्याच्या लाकडाची बॉडी त्याने स्वतः कोरलेली. गणपतीनंतर दादा वारला, तेव्हापासून ती कपाटावरच होती.

गाड्या तपासायला त्याचा मित्र बाबू बसला होता. त्याने वजन केलं, लांबी मोजली. सगळं नियमात. मग मान खाली घालूनच विचारलं, "कोणी केल्यान?"

"दादान. तुका म्हायत आसा."

"मगे तुका चलवूक गावची नाय गो. घरी केलेल्या गाड्यांच्या गटात जेणी केल्यान, तेणीच चलवूची."

मी वाद घातला नाही. हा नियम दादानेच भांडून आणला होता. लोक दुसऱ्याकडून गाड्या करून घेतात आणि कप नेतात, ते त्याला खपायचं नाही.

बाबू हळूच म्हणाला, "तूच केलंस असा सांग. मी लिवतंय."

मी गाडी उचलून पिशवीत ठेवली. रडू वगैरे काही आलं नाही. बाकीच्यांच्या शर्यती शेवटपर्यंत बघितल्या आणि एसटीने घरी आले.

बॅटरी अजून फुल आहे. तुम्ही असता तर म्हणाला असता का, "मी केली"?