फाटकावरचा आकडा

ती पिवळी बोटं अजून डोळ्यांसमोरून हलत नाहीत. मध्यंतरी मुलाने मला निवृत्तीच्या पैशांतले थोडे एका नव्या फंडात घालायचा सल्ला दिला. ज्या कंपन्या पर्यावरण सांभाळतात, कामगारांना नीट वागवतात आणि ज्यांचा कारभार चोख असतो, त्यांचेच शेअर हा फंड घेतो म्हणे. ईएसजी म्हणतात त्याला. मुलगा आयटीत आहे, बाबांना हे सगळं पहिल्यापासून समजावावं लागणार असं त्याला वाटलं. त्याला काय ठाऊक, हा शब्द मी मुळशीत शिकलो होतो, आणि तो शिकलो तेव्हा एक माणूस श्वासासाठी तडफडत होता.

तेव्हा मी तालुक्यातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. पावसाळ्याचे दिवस. सकाळी साडेनऊला रुग्णालयातून वर्दी आली: ताम्हिणीच्या रस्त्यावर मोटारसायकल घसरून एक कामगार जखमी, डोक्याला मार, बेशुद्ध. त्याला दाखल करणारा त्याच्याच कारखान्याचा सुपरवायझर होता. त्या रस्त्यावर रोज कोणी ना कोणी घसरायचंच. हवालदाराने स्टेशन डायरीत नोंद घेतली आणि मी सहीसाठी पेन उघडलं. तेवढ्यात मुठ्याहून जखमीची बायको येऊन उभी राहिली.

ती रडत नव्हती. हवालदाराने सवयीप्रमाणे गाडीचे कागद मागितले, तेव्हा ती त्याच्याकडे बघतच राहिली.

"कसली गाडी? साहेब, ह्यांना गाडी येत न्हाई. सायकलसुदिक येत न्हाई. कंपनीच्या बसनं जात्यात आन् बसनंच येत्यात."

मी पेनाचं टोपण लावलं. मुळशीतला झाडून सगळा पुरुषवर्ग मोटारसायकलवर फिरतो, असं तो सुपरवायझर धरून चालला होता. खरं सांगायचं तर मीही.

बाईंना जीपमध्ये घेऊन रुग्णालय गाठलं. डॉक्टर तरुण होते आणि वैतागलेले होते. डोक्याची जखम किरकोळ आहे, पण फुप्फुसांत पाणी भरत चाललंय, आणि रस्त्यावर पडून असं होत नाही, असं ते म्हणाले. याच्या छातीत काय गेलंय ते कळत नाही तोवर आपण अंदाजाने औषध देतोय, आणि अंदाज करत बसायला वेळ नाही, हेही त्यांनी बायकोसमोरच सांगितलं.

बाईंनी नवऱ्याचा हात हातात घेतला होता. "ही हळद कसली लागलीया?" असं पुटपुटत त्या पदराने त्याची बोटं पुसत होत्या. हळद निघेना. मी वाकून पाहिलं आणि मला माझं पहिलं पोस्टिंग आठवलं. तिथे सराफ गल्लीतल्या चोरीच्या तपासात मी सोनं गाळणाऱ्या कारागिरांचे जबाब घेतले होते. त्यांची बोटं अशीच पिवळी असायची. तेजाबाने, म्हणजे नायट्रिक ॲसिडने, कातडीच पिवळी पडते.

डॉक्टरांना सांगितलं तसे ते सावध झाले. त्या ॲसिडच्या धुराने असं होऊ शकतं, पण तुमच्या तर्कावर उपचार कसे बदलू, असं म्हणाले. नक्की काय आणि किती वेळ, हे त्यांना हवं होतं. मी निघालो तेव्हा त्यांनी मागून हाक मारली.

"साहेब, हा धूर फसवा असतो. माणूस आधी चालतो, बोलतो, जेवतो. छाती भरते ती सहा-आठ तासांनी. हा धुरात जास्त वेळ पडून राहिला असणार, म्हणून लवकर भरली. याच्याबरोबर कोणी असेल तर त्यालाही शोधा."

कारखान्याच्या फाटकावर मोठा फलक होता: 'अपघाताविना दिवस'. खाली आकडा नऊशे सत्त्याण्णव. हा फलक माझ्या चांगल्या ओळखीचा होता. दोनच महिन्यांपूर्वी सुरक्षा सप्ताहात प्रमुख पाहुणा म्हणून मी त्याच्याखाली उभा होतो. भाषण ठोकलं होतं आणि त्याच सुपरवायझरच्या हातात ढाल दिली होती. आज फलकाखाली रांगोळी होती, फुलांच्या कुंड्या मांडल्या होत्या. दुपारी मुंबईहून, कंपनीत पैसे गुंतवलेल्या एका फंडाचे लोक पाहणीला येणार होते.

मॅनेजरने पुढ्यात फायली आणून ठेवल्या. ॲसिडच्या टाकीत उतरण्याचं रजिस्टर होतं, त्यात त्या दिवसाचं पान कोरं, म्हणजे कोणी उतरलंच नव्हतं. इतकी नीटनेटकी कागदपत्रं पाहिली की पोलिसाला संशय येतो. मी वाद घातला नाही. सुपरवायझरला जीपमध्ये बसवलं आणि ठाण्यात आणलं.

मधल्या वेळात डॉक्टरांचा फोन येऊन गेला होता. रोग्याला कृत्रिम श्वासावर घ्यावं लागलं होतं. घड्याळात साडेबारा.

सुपरवायझर विदर्भातून पोटापाण्यासाठी आलेला, मुलाबाळांचा माणूस. त्याने गोष्ट पाठ केली होती: गाडी कंपनीची, वळण अमुक, वेळ साडेसातची. मी तीनदा विचारलं, तीनदा तेच शब्द त्याच क्रमाने आले. खरं सांगणारा माणूस दर खेपेला थोडं चुकतो. हवालदार आवाज चढवू लागला तसं मी त्याला बाहेर पाठवलं. घाबरवण्याने माणूस बोलतो, पण सुटका होईल असं बोलतो, आणि मला ते नको होतं. बोलता बोलता सुपरवायझर खोकत होता. पाण्याचा ग्लास त्याने डाव्या हाताने उचलला. उजवा सगळा वेळ खिशात होता.

"उजवा हात टेबलावर ठेवा," मी म्हणालो.

मग त्याने हात ठेवला. बोटं पिवळी.

डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं मी त्याला शब्दन् शब्द सांगितलं. सहा-आठ तास कशाचे, तेही सांगितलं. मला वाटलं, आता हा स्वतःच्या जिवाबद्दल विचारणार.

"साहेब, आणखी एक जण आहे," तो म्हणाला. "आम्ही दोघांनी त्याला वर ओढलं. त्या दुसऱ्याला मी इथेच, चांदे गावात, रूमवर पाठवलंय, झोपून राहा म्हणून. त्याला यातलं काहीच माहीत नाही."

मग सगळं बाहेर आलं. पाहुणे येणार म्हणून घर झाडतात तशी ॲसिडची टाकी सकाळी सहालाच घाईने साफ करायला काढली होती. हवा खेचणारा पंखा लावायला अर्धा तास लागतो, तो वाचवला. आतला माणूस धुराने भोवळ येऊन शिडीवरून पडला आणि पंधरा-वीस मिनिटं कोणाला कळलंच नाही. हजार दिवस पूर्ण झाले की सगळ्या कामगारांना बक्षीस मिळणार होतं. तीन दिवस उरले होते, त्यामुळे पाहणाऱ्यांपैकीही कोणी तोंड उघडलं नाही.

मी डॉक्टरांना फोन लावून सुपरवायझरच्याच तोंडून सगळं ऐकवलं. मग त्याला रुग्णालयात धाडलं आणि स्वतः चांद्याला निघालो. त्या दिवशी जीपमध्ये मला भीती वाटली होती. खोलीचं दार उघडंच होतं. आतला बिहारी कामगार भिंतीला टेकून बसला होता, ओठ काळेनिळे. "थोड़ी खाँसी है, साहब," तो म्हणाला. त्याला उठून उभंही राहता आलं नाही.

त्याला भरती करून पंचनाम्यासाठी कारखान्यावर पोचलो, तेव्हा पाहुणे आले होते. फंडाच्या पथकाच्या प्रमुख एक मराठी बाई होत्या. मी त्यांना फलकाखालीच सगळं सांगितलं. मॅनेजर मध्ये पडू पाहत होता, त्यांनी हाताने थांबवलं. ईएसजी म्हणजे काय हे मी त्यांच्याकडून ऐकलं ते तिथे उभ्या उभ्या.

"आम्ही यांना सुरक्षेचे पैकीच्या पैकी गुण दिले होते," त्या म्हणाल्या. "यांच्याच कागदांवरून."

"मी तर ढाल दिली होती," मी म्हणालो.

तिघंही वाचले. टाकीत पडलेला महिनाभर रुग्णालयात होता आणि त्याची छाती कायमची अधू झाली. सुपरवायझर आणि मॅनेजरवर गुन्हा दाखल झाला, खटला वर्षानुवर्षं रेंगाळला. मला वाटलं होतं, फंड पैसे काढून घेऊन मोकळा होईल. बाईंनी उलट केलं. पैसे ठेवले आणि अटी घातल्या: लहानात लहान दुखापतीची नोंद हवी, आकड्यावर बक्षीस बंद, आणि त्यांची माणसं न सांगता येऊन कामगारांशी साहेब लोकांशिवाय बोलणार. कोर्टाला जे इतक्या वर्षांत जमलं नाही ते त्या अटींनी काही महिन्यांत केलं, हे पोलीस असून मला कबूल करावं लागतं. हे सगळं ढोंग आहे, गुंडाळून टाका, असं म्हणणारे आता पुष्कळ भेटतात. मी त्यांतला नाही. पण टाकीत कोण उतरतो आणि त्याला कोणी विचारलं का, एवढं कळल्याशिवाय मी त्या फंडात दमडी घालणार नाही, असं मी मुलाला सांगितलं.

सांगितलं खरं, पण मलाच राहवेना. परवा मुठ्याला जाताना कारखान्यावरून वाट वाकडी केली. टाकीत पडलेल्या त्या माणसाला अवजड काम झेपत नाही म्हणून फाटकावर नेमलंय. सकाळी फलकावरचा आकडा बदलायचं काम त्याच्याकडेच आहे. मी पोचलो तेव्हा तो स्टुलावर चढला होता, दम लागला म्हणून मध्येच थांबला होता. आकडा होता अकरा.

"लई कमी दिसतोय," मी त्याच्याच भाषेत म्हणालो.

"एकाचं बोट चेमटलं हुतं साहेब, म्हणून पुन्हा शून्यापासनं लावला," तो स्टुलावरून सावकाश उतरत म्हणाला. "कमी हाय, पर खरा हाय."