राऊतबाईंचं घरचं नाव

विरार स्टेशनाबाहेर पत्रकं वाटत होते तेव्हा फोन आला. राऊतबाई गेल्या. हातातल्या गठ्ठ्यावर ठळक छापलं होतं, ‘मुलांच्या हाती बंदुका देणाऱ्यांचा निषेध असो’. एका काकांनी पत्रक घेतलं, त्याचा पंखा करून वारा घेत निघून गेले. मी उरलेली पत्रकं वाटून संपवली आणि मगच हलले. विषय बाईंचाच होता. तो अर्धा टाकून निघणं त्यांना चाललं नसतं.

चंदनसारच्या आमच्या शाळेत बाई इतिहास शिकवायच्या. पुस्तकात लढाया होत्या, राजे होते, तह होते. लढणाऱ्यांत आमच्या वयाची मुलंही असतात, आज, आत्ता, हे त्यात कुठेच नव्हतं. मुलांपासून मुलंच लपवणारी पुस्तकं कशाला छापता, हा माझा प्रश्न तेव्हा नव्हता, आता आहे. बाकी शिक्षक हजेरी नंबरानं घ्यायचे, बाई नावानं. पण दरवर्षी आठवीला त्या एक तास नंबर पुकारून घ्यायच्या, तसा आमचाही घेतला. आज कुणाला नाव नाही, म्हणाल्या. मग सांगितलं, की दूरदूरच्या देशांत गावांवर धाड घालून मुलं पळवतात, आधी त्यांचं नाव काढून घेतात, बंदूक नंतर देतात. सुटून आलेल्या एका मुलाला आईनं अंगणातून हाक मारली, तर त्यानं वळूनसुद्धा पाहिलं नाही... पंख्याचा आवाज तेवढा राहिला.

तो तास संपला की त्या वर्गाच्या उंबऱ्यात उभ्या राहायच्या आणि एकेकाला घरच्या नावानं हाक मारून सोडायच्या. बाई गिरीजच्या वाडीतल्या. त्यांच्याकडे प्रत्येकाला कागदावरचं एक आणि घरातलं एक अशी दोन नावं. आमच्या बिल्डिंगांचे जिने चढून, आयांबरोबर चहा पिऊन, त्यांनी आमची नावं आधीच गोळा केलेली असत. मी चिमी. “आले बाई” म्हटल्याशिवाय कुणी बाहेर पडायचं नाही, हा नियम.

आमच्या वर्षी त्या तासाला त्यांनी वर्गाची सैनिकी तुकडी केली आणि सतरा नंबरला तिची प्रमुख केलं. वैशाली, वर्गातली सगळ्यात अबोल मुलगी. तिनं गुडघ्यावर बसा म्हटलं, आम्ही हसत हसत बसलो. हसायचं नाही, म्हणाली. आम्ही थांबलो. का थांबलो, सांगता येणार नाही. उंबऱ्यात बाईंनी हाक मारली, “मनी.” ती ताठ उभी. “मने, बाय, घरी जायचं ना?”

“सतरा नंबर हजर.”

आवाज तिचा नव्हता. दुपारच्या शाळेची मुलं व्हरांड्यात येऊन उभी राहिली तरी बाई हाक मारतच राहिल्या, हळू, आणखी हळू. शेवटी ती रडायला लागली आणि रडतच “आले” म्हणाली.

पालकांनी तक्रार केली. मुख्याध्यापकांनी पोर्शन पुरा करा म्हणून सुनावलं. कॉलेजात गेल्यावर मी मुलं पळवून सैनिक करण्यावर चार पानी पत्रक लिहिलं आणि बाईंना दाखवायला वाडीत नेलं. त्यांनी शेवटपर्यंत वाचलं. “लाखो बालके, लाखो बालके... यातल्या एकाला तरी हाक मारता येईल का गं, चिमे?” मी भांडले. लाखो म्हटल्याशिवाय इथे कुणी ढुंकून बघत नाही, हे मी आजही म्हणते. तो तास बाईंनी सोडला नाही, प्रमुख मात्र पुन्हा कुणाला केलं नाही. का, विचारलं, तर केळीची सुकलेली पानं ओढता ओढता म्हणाल्या, “गोडी लागते हुकूम सोडण्याची. मला वाटायचं, लागायला वेळ जात असेल.”

शेवटची भेट इस्पितळात. तिथे त्या नऊ नंबर होत्या. नऊ नंबरचं जेवण, नऊ नंबरचं इंजेक्शन. मी सिस्टरवर आवाज चढवला, त्यांना नाव आहे म्हटलं. “आहे ना, राऊत. ओरडू नका, बाकीचे पेशंट आहेत,” ती म्हणाली, आणि तिचंही खरंच होतं. तेवढ्यात दारातून कुणीतरी पुकारलं, “नऊ नंबर!” बाई डोळे मिटूनच म्हणाल्या, “हजर.”

त्या थट्टा करत होत्या का, मला अजून कळलेलं नाही. घरच्या नावानं हाक मारावी म्हणून मी वाकले, आणि लक्षात आलं, ते मला माहीतच नाही. आमची सगळ्यांची त्यांच्याकडे होती. त्यांचं कधी कुणी विचारलंच नव्हतं.

बारावं झाल्यावर गिरीजला गेले. बाईंचे थोरले भाऊ भाजीला पाणी लावत होते. नाव विचारलं तर हातातलं फावडं टेकवून उभे राहिले. “बारकी म्हनायचो. आय गेल्यावर कोनी नाय म्हटलं.”

गेल्या आठवड्यात शाळेत गेले. सकाळची शाळा सुटली होती, वर्ग रिकामा होता. त्या उभ्या राहायच्या तिथेच उंबऱ्यात उभी राहिले. “बारके,” म्हटलं. पंखा कुणी बंद केला नव्हता... दुपारच्या शाळेची मुलं व्हरांड्यात येऊन माझ्याकडे बघत थांबली. नियम बाईंचाच आहे, उत्तर आल्याशिवाय सोडायचं नाही.

मी पुन्हा हाक मारली, जरा हळू.