दोनशे अठरा जणांचं रायपूर

दिवाकरने एका दुपारी, चहा निवायच्या आत, दोनशे अठरा माणसांची नेमणूक रायपूरला करून टाकली. एवढा अधिकार साहेबांनाही नव्हता. सोमवारी सकाळी कोंट्यापासून जशपूरपर्यंतचे कर्मचारी वळकट्या घेऊन कचेरीच्या पायऱ्यांवर हजर झाले. दोघांनी तर सदर बाजारातून पेढेही आणले होते. साहेब बाहेर आले, गर्दीकडे बघत राहिले आणि म्हणाले, "पूरा राज यहीं बुला लिया क्या? चार बजे तक नाम बताओ, किसने किया. कोंटा में एक जगह खाली है."

कोंटा म्हणजे राज्याचं शेवटचं टोक. दिवाकरने रायपूरच्या तात्यापाऱ्यात नुकतंच घर घेतलं होतं, मुलीचं नाव शाळेत घातलं होतं. दिलासा एवढाच, की नेमणुकीची पत्रं छापणाऱ्या स्क्रिप्टच्या, म्हणजे कॉम्प्युटरच्या प्रोग्रामच्या, माथ्यावर नाव वनमालाताईंचं होतं.

वनमालाताई बिलासपूरच्या रेल्वे क्वार्टरात वाढलेल्या. वीस वर्षं त्यांनी टाइपरायटर बडवला. राज्य नवं झालं तेव्हा भोपाळहून जुनी कपाटं आली, कॉम्प्युटर आले आणि सोबत ते कसे चालवायचे याचं एक जाडजूड पुस्तक आलं. कॉम्प्युटरला सगळ्यांनी हार घातला; पुस्तक फक्त ताईंनी वाचलं. तेव्हापासून कचेरीतल्या उरलेल्या मानवजातीबद्दल त्यांना जे वाटू लागलं, ते तुच्छता या शब्दात मावत नाही. कोणी चुकलं तर त्या रागावत नसत. 'याच्याकडून दुसरं काय होणार' अशा चेहऱ्याने चष्मा पुसत.

त्यांच्या कपाच्या बुडाला नेलपॉलिशचा लाल ठिपका, स्टेपलरला दोरी, कात्रीवर नाव. पेन मागितलं तर टोपण स्वतःजवळ ठेवून पेन देत.

"ताई, खिडकीतल्या हवेवर पण नाव टाका न," दिवाकर एकदा म्हणाला होता.

"तुमच्यासारखे बाजूले बसले तर टाका लागते."

स्क्रिप्टमध्येही त्यांचा हाच कारभार. व्हेरिएबल म्हणजे नाव चिकटवलेला डबा, आणि फंक्शन म्हणजे मोठ्या स्क्रिप्टच्या घरातली एक खोली. स्क्रिप्टच्या भाषेची खोड अशी, की खोलीत बसून डब्यात काही टाकलं तरी तो डबा घरभर सगळ्यांचा. आधी 'लोकल' असा शब्द लिहिला, तरच तो त्या खोलीपुरता. ताई प्रत्येक फंक्शनमध्ये तो लिहीत. दिवाकरला ते म्हातारपणचं सोवळं वाटे.

त्या दुपारी साहेबांनी त्याला पत्राच्या डोक्यावर कचेरीचा पत्ता घालायला सांगितलं होतं. त्याने छोटं फंक्शन लिहिलं, 'गाव' नावाच्या डब्यात 'रायपूर' भरलं, आणि 'लोकल' गाळला. ताईंच्या स्क्रिप्टमध्ये प्रत्येकाच्या नेमणुकीचं ठिकाण 'गाव' याच डब्यात होतं. पत्ता छापून झाला की डब्यात रायपूरच उरे; मग खाली कोंट्याचंही रायपूर, जशपूरचंही रायपूर.

साडेतीनला तो त्यांच्या टेबलाशी गेला. भातात निघालेल्या खड्याकडे बघावं तसं ताईंनी त्याच्याकडे बघितलं.

"ताई, चुकून झालं."

"वाचलं मी तुमचं फंक्शन."

"वर तुमचा पण 'गाव' नावाचा डबा हाय, हे मले काय माहीत?"

"माहीत नसते म्हणूनच लोकल लिहितात, दिवाकर भाऊ. माहीत असतं तर कायले लिहिलं असतं?"

"एका शब्दाची तर गोष्ट होती."

"हव. तुमच्या बोटाले तेवढाच जड झाला."

दिवाकरने खुर्ची ओढली आणि आवाज खाली आणला. "साहेब नाव मागून राहिले. कागदावर तुमचं नाव हाय. तुमच्या रिटायरमेंटले तीन वर्षं, तुम्हाले कोण कोंट्याले पाठवते? तुम्ही फक्त म्हणा, मशीन बिघडली. माह्या पोट्टीची शाळा आत्ताच सुरू झाली ताई."

ताईंनी ठिपक्याचा कप उचलला, त्याच्यापासून हातभर लांब ठेवला आणि चष्मा पुसायला घेतला. ते पाहून त्याचा उरलासुरला धीर सुटला.

"मी हात जोडतो. ही गोष्ट या खोलीच्या बाहेर नका जाऊ देऊ."

"लोकल लिहिलं नाही न तुम्ही, गोष्ट सकाळीच साहेबापाशी गेली."