बदलीचा कोयता

युसूफ वडगावच्या अलीकडे, माळावर, एक हायस्कूल आहे. दसरा सरला की आजूबाजूच्या वस्त्या रिकाम्या होऊ लागतात. माणसं बिऱ्हाडासकट ट्रकात चढून ऊसतोडीला जातात, आणि शाळेमागच्या पत्र्याच्या वसतिगृहात धूर दिसू लागतो. आईबापांमागे मुलींची शाळा सुटू नये म्हणून पुण्याची एक संस्था हे वसतिगृह चालवते. धान्य, पांघरुणं, पुस्तकं, शिकवणीचे सर, सगळं संस्थेचं. चूल मात्र चंद्रभागाबाईची.

बाई उंच, काटक. आवाज असा, की तिनं हाक दिली तर मैदानापलीकडची पोर ताट घेऊन हजर. मुली तिला मावशी म्हणत. तिचं सगळं तारुण्य उसाच्या फडात गेलं होतं. त्या धंद्यात कोयता म्हणजे नुसतं हत्यार नव्हे. नवराबायकोची जोडी म्हणजे एक कोयता. नवरा तोडतो, बायको मोळ्या बांधून डोक्यावरून ट्रकात चढवते. मुकादम माणसं मोजत नाही, कोयते मोजतो. तिचा नवरा बजरंग फडातच साप चावून गेला, आणि पुढच्या साली मुकादम तिला म्हणाला, "चंद्राबाई, अर्ध्या कोयत्याचं म्या काय करू?"

मूलबाळ नव्हतं. माहेरी कुणी उरलं नव्हतं. संस्थेनं स्वयंपाकाला बोलावलं तेव्हा ती एका पिशवीत मावेल एवढं सामान घेऊन आली. पहिल्या पंगतीला एक बारकी पोर म्हणाली, "मावशी, अजून अर्धी वाढ." बाई भाकरी मोडता मोडता थांबली आणि म्हणाली, "हितं अर्धं काई मिळत न्हाई. अख्खी घे."

ही गोष्ट घडली त्या साली रोहिणी दहावीत होती. वस्तीवरच्या अभिमन्यूची थोरली. भाकऱ्या होईपर्यंत चुलीपाशी बसून पुस्तक मोठ्यानं वाचायची.

"मावशी, तुला समदं पाठ झालंय. तूच बस परीक्षेला."

"मला कोन बसू देतंय, बये! तू बस. तू पास झालीस की म्या गावभर साखर वाटते. अन् नापास झालीस तर ह्येच उलथनं!"

हसत हसत म्हणायची, पण बाईनं त्या निकालावर जीव टांगला होता. तिच्या ओळखीतल्या कुठल्याही ऊसतोड्याची पोर अजून दहावीच्या पलीकडे गेली नव्हती.

कोजागिरीला देणगीदार आले. संस्थेची प्रियदर्शनी, पंचविशीची मायाळू मुलगी, पुण्याच्या बायकांनी दिलेल्या जुन्या रेशमी साड्या घेऊन आली. मुलींनी छोटं नाटक बसवलं होतं आणि रोहिणी त्यात राणी होती. चंद्रभागाबाईनं तिला स्वतःच्या हातानं नऊवारी नेसवली. काय नेसवली म्हणता! निऱ्या एकसारख्या, पदर खांद्यावर जिथल्या तिथं. नाटकाच्या उजेडात पोरगी आली आणि बारक्या पोरी बघायला उठून उभ्या राहिल्या. पहिलं वाक्य टाकलं तेव्हा आडोशाला उभ्या असलेल्या मावशीचे ओठही तिच्याबरोबर हलत होते.

प्रियदर्शनीनं व्हिडिओ काढला आणि कौतुकानं पालकांना पाठवला. तो या मोबाईलवरून त्या मोबाईलवर फिरत अभिमन्यूच्या टोळीचा मुकादम परमेश्वर याच्याकडे पोचला. त्याच्या भाच्याला, अंगदला, जोडीदारीण नव्हती. त्या भागात ड्रेस घालणारी पोर साडीत दिसली की ती लग्नाला आली असं लोक धरून चालतात. दोनच दिवसांत अभिमन्यूच्या दारात सोयरीक आली.

ऐकताक्षणी चंद्रभागाबाई पिठाच्या हातानंच वस्तीवर गेली.

"अभिमन्यू, कावून घाई करतूस? शाळकरी पोर हाय ती."

"आमी दोघंबी तोडीला निघालो. लोकं बोलाय लागले. मागं काई इपरीत झालं तर?"

"माझ्यापाशी हाय की ती!"

"तुझ्यापाशीच हुती." अभिमन्यूचा आवाज चढला नाही, हेच वाईट होतं. "चंद्राबाई, तिला साडी कोनी नेसवली?"

बाईनं पिठाचे हात पदराला पुसले. परतताना बांधावर ती खाली बसली. इतकी वर्षं या लोकांत काढून हे आपल्या ध्यानात कसं आलं नाही? आलं नाही, एवढंच खरं. त्या दिवशी ती फक्त नाटकातल्या राणीला नेसवत होती.

हेडसरांनी वर कळवलं. बालविवाह रोखणारे साहेब आले, समज दिली, लग्न करणार नाही असं अभिमन्यूनं कबूल केलं. पुढच्या आठवड्यात ट्रक गेला आणि त्यात रोहिणीही गेली. तिकडे कृष्णेकाठी, कारखान्याबाहेर उसाच्या गाड्या रांगेत खोळंबल्या असताना, दोघांना हळद लागली.

प्रियदर्शनी स्वयंपाकघरात येऊन रडली. "मावशी, मी तो व्हिडिओ पाठवायला नको होता."

"तू पाठवलास, म्या नेसवलं. रडून पोरगी येती का? ते बटाटे घे सोलायला."

फेब्रुवारीत फोन आला. रोहिणी हळू आवाजात बोलत होती.

"मावशी, माझं हॉल तिकीट आलं का?"

"आलंय. कधी येतीस?"

"मुकादम मामा न्हाई म्हंते. म्या गेले तर अर्धा कोयता बसून ऱ्हाईल."

हेडसरांनी मुकादमाला फोन लावला. प्रियदर्शनीनं मजुरीची भरपाई देऊ केली. तो हसला. "ताई, तुमची भरपाई मोळी उचलती का?"

चंद्रभागाबाईनं प्रियदर्शनीच्या हातातून फोन घेतला. "परमेश्वर, मोळी म्या उचलते. पोरीच्या बदली म्या येते."

ती प्रियदर्शनीबरोबर फडात उतरली तेव्हा टोळी बघतच राहिली. परमेश्वर ओरडला, "बे अंगद, तुला नवी जोडी आली बघ!" सगळे खिदळले.

"हसा, हसा. पर कोयता अख्खा झाला का न्हाई, ते बोल."

"झाला. पेपर सरले की पोरगी परत हितं. न्हाईतर पुढच्या साली टोळीतली एकबी पोर तुझ्या वसतिगृहात न्हाई."

बाईनं रोहिणीकडे पाहिलं. पोरीचे हात उसाच्या धारदार पाचटानं चिरले होते. "परत हितं," बाई म्हणाली. तो शब्द देताना तिला काय झालं असेल, ते तिचं तिलाच ठाऊक.

रोहिणी प्रियदर्शनीबरोबर गेली. बाई पहाटे उठून मोळ्या बांधू लागली. पाठ मोडायची, फळीवरून ट्रकात चढताना ती एकेक पाऊल चाचपून टाकायची. अंगद मिसरूड फुटलेला, अबोल पोरगा. तिच्या वाटच्या कितीतरी मोळ्या न बोलता स्वतःच लहान बांधून ठेवायचा. एके दुपारी पाणी पिताना म्हणाला, "मावशी, ती पास झाली तर माझ्यासंगं ऱ्हाईल का?"

"तू कितवी शिकलास रे?"

"सातवी. मंग बानं टोळीत घातलं."

बाईनं उरलेलं पाणी त्याच्या ओंजळीत ओतलं. त्याच्यावर राग धरायचं तिनं ठरवलं होतं, ते जमलं नाही.

पेपर संपले आणि दोघी परत आल्या. रोहिणीचा चेहरा उजळला होता. "मावशी, समदे सोपे गेले!"

प्रियदर्शनीनं बाईला बाजूला घेतलं. "हिला ठेवायला नको. आत्ता आपल्याबरोबर नेऊ. पुढचं मी बघते."

बाईच्या तोंडून "चल" निघणारच होतं. पण रोहिणीनं ऐकलं होतं. तिनं मागे वळून टोळीतल्या लहान पोरींकडे पाहिलं. चिखलात खेळत होत्या.

"न्हाई ताई. मावशीनं शबूद दिलाय. ह्यांची शाळा बंद हुईल."

"तुझं काय मग?" बाईचा आवाज फाटला. फडातली माणसं हात थांबवून बघू लागली.

"माझी परीक्षा झाली की, मावशी." रोहिणीनं तिच्या डोक्यावरची चुंबळ काढून स्वतःच्या डोक्यावर ठेवली. "तू दमलीस. बस तू."

परमेश्वरनं हाक दिली. पोरगी मोळी उचलून फळीवर चढली. बाई पाचटावर बसली. एसटीची वेळ झाली म्हणून प्रियदर्शनी तिला उठवू लागली. बाईनं हात दिला, अर्धवट उठली, फळीवरची पोरगी दिसली आणि ती पुन्हा खाली बसली.